सोडलेली गाडी

दहनाची वेळ चारची होती, आणि सकाळचे नऊ वाजायच्या आतच सानान कागद घेऊन आला.

प्रानोम विहाराच्या मंडपात चटईवर बसून लसूण सोलत होती. तिला कुणी काम सांगितलं नव्हतं. मेलेल्या मुलीची आई म्हणून तिने शवपेटीशेजारी बसावं, आल्यागेल्याचे नमस्कार घ्यावेत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. पण तीन दिवस नमस्कार घेऊन तिचे हात आंबले होते, आणि रिकाम्या हातांना काय करावंसं वाटतं आहे ते तिचं तिला ठाऊक होतं. म्हणून तिने स्वयंपाकाच्या बायकांकडून लसणाचं घमेलं ओढून आणलं होतं.

"सही कर," सानान समोर मांडी घालत म्हणाला. "म्हणजे थोरल्या भन्तेंना सांगता येईल की घरातलं घरात मिटलं. दहाला केस उतरवायचेत."

"कुणाचे?"

"आता ते काय नव्याने सांगायला हवं? युतचे."

सानान तिचा थोरला भाऊ. बारा वर्षं गावचा प्रमुख होता. पद जाऊन चार वर्षं झाली, आवाज काही गेला नव्हता. घरात काही बिनसलं की तो आधी कागद करायचा आणि मग ज्याचं बिनसलं त्याला सांगायचा. चिंचेच्या बागेची वाटणीसुद्धा त्याने अशीच केली होती, आणि तेव्हा दोघी बहिणी, प्रानोम आणि धाकटी वानपेन, एकमेकींचा हात धरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. आज वानपेन त्याच्या बाजूला होती. असणारच. युत तिचा एकुलता एक मुलगा, आणि तीन दिवसांपूर्वी, सोंगक्रानच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या, पहिल्याच संध्याकाळी, त्याच्या पिकअपखाली प्रानोमची ईंग गेली होती.

"यात लिहिलंय काय?"

"वाच ना."

"तूच सांग. एवढ्या सकाळी आणलायस म्हणजे पाठच असेल."

सानानने घसा साफ केला. "हेच की, जे झालं तो अपघात होता. मुलीची आई म्हणून तुझी युतविरुद्ध काही तक्रार नाही. तो ईंगसाठी भिक्खूचं चीवर घेतोय, तू त्याला क्षमा केलीस."

"मी केली?"

"प्रानोम, चिडू नकोस. डोकं शांत ठेवून ऐक." आवाज खाली आणला की सानान फार धोकादायक होतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. "दहनाच्या दिवशी घरातल्या कुणा मुलाने चीवर घ्यायचं, त्या चीवराचं टोक धरून मेलेलं माणूस वर जातं. ईंगला भाऊ नाही. मला एक मुलगी. मग राहिलं कोण? घरात वयाचा मुलगा तो एकच. त्याला तुरुंगात घातलंस तर ईंगला टोक कुणाचं? एका दगडात दोघांचं भलं होतंय तर तू लसूण सोलत बसलीयस!"

प्रानोमची तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांचं भलं! एक पेटीत आणि एक मागच्या खोलीत पांढरे कपडे घालून बसलेला, आणि याने दोघांना एका मापात घातलं. तिने हातातली लसणाची पाकळी इतकी दाबली की तिचा रस नखात गेला.

"तो प्यायलेला होता, दादा."

"रक्तात दारू अडतीस निघाली. पन्नासपर्यंत चालतं. म्हणजे कायद्याने तो प्यायलेला नव्हता."

"अपघात पाचला झाला. रक्त कधी काढलं?"

सानान पेनाचं टोपण काढू लागला.

"साडेनऊला. मधले साडेचार तास कुठे होता तो?"

"पोरगा थरथरत होता! माझ्याकडे आणला. आंघोळ घातली, नारळपाणी पाजलं, जरा पडू दिलं. माणुसकी आहे की नाही?"

"आमच्याकडे येतात असे नारळपाणी प्यायलेले," मागून कुणीतरी म्हणालं. ती आरिसा होती, सानानची मुलगी. बँकॉकच्या एका इस्पितळात ती एक्स-रे काढायची आणि दर सोंगक्रानला सुट्टी मिळत नाही म्हणून गावी यायची नाही. या वर्षी मयतासाठी आली. "सणाच्या या सात दिवसांत आम्हाला जेवायला बसता येत नाही, बाबा. हाडं मोडलेली पोरं रांगेत असतात. आणि ज्याने मोडली तो बाहेर बाकावर झोपलेला असतो, दारू उतरायची वाट बघत. तुम्ही त्याला घरी झोपवलंत, एवढाच फरक."

"तू मध्ये बोलू नकोस."

"का नको? ईंग माझी बहीण होती."

बांबूचे कोंब चिरणाऱ्या बायकांमधली एक म्हणाली, "अशांना प्रेतागारात कामाला लावतात म्हणे. टीव्हीवर दाखवलं होतं. मढी बघितली की अक्कल येते."

"दोन दिवस लावतात, काकू," आरिसा म्हणाली. "फरशी पुसतात, फोटो काढून घेतात, आणि तिसऱ्या दिवशी मित्रांना ग्लास भरता भरता त्याच गोष्टी सांगतात. दंड भरतात, रस्ते झाडतात, न्यायाधीशासमोर मान खाली घालतात आणि घरी जातात. दारू पिऊन जीव घेतला तर तीन वर्षांपासून दहापर्यंत शिक्षा आहे. पण आधी तो प्यायला होता हे तर सिद्ध व्हायला पाहिजे!"

सानान उठून उभा राहिला. आता त्याला श्रोते मिळाले होते. "बरं! या मंडपात जेवढे पुरुष बसलेत, त्यातल्या ज्याने आयुष्यात कधीच पिऊन गाडी चालवली नाही, त्याने हात वर करावा."

खुर्च्या मांडणारे थांबले. फुलांच्या माळा अडकवणारा शिडीवरून खाली बघायला लागला. हात एकाचाही वर गेला नाही. कोपऱ्यात म्हातारा चाल्येम टोपी हातात घेऊन बसला होता; तो प्रानोमकडे बघत होता आणि तिने बघताच त्याने नजर वळवली.

"बघ," सानान म्हणाला. "मग काय, सगळं गाव आत टाकायचं?"

"टाका," प्रानोम म्हणाली. "माझी काही हरकत नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. सानानने कागद तिच्या मांडीजवळ ठेवला, वर पेन ठेवलं, आणि पोलीस साहेब येतीलच म्हणत तो फाटकाकडे गेला. पोलीस साहेबांना त्यानेच बोलावलं होतं. चीवर घेतलेला युत त्यांनी डोळ्यांनी बघावा, कागद हातोहात घेऊन जावा, म्हणजे पुढच्या तारखांची कटकट नको, असा त्याचा हिशेब होता.

प्रानोम कागदाकडे बघत राहिली. त्यातली ओळ अन् ओळ खोटी होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण युतच्या तोंडाचा वास तिने स्वतः घेतला होता.

दर सोंगक्रानला गावाच्या वेशीवर स्वयंसेवकांचा नाका बसतो. रस्त्यावर आडवा बांबू, एक तंबू, थंड पाण्याची पेटी, ओले रुमाल. गावाचा ठराव साधा आहे: वास आला की चावी काढून घ्यायची, माणसाला खुर्चीत बसवायचं, घरच्यांना बोलवायचं. मग तो कुणी का असेना. आरोग्य स्वयंसेविका म्हणून प्रानोम सात वर्षं त्या नाक्यावर बसत होती. त्या दिवशी दुपारपासून तिने दोघांच्या चाव्या काढून घेतल्या होत्या. दोघेही परगावचे. एकाने आईवरून शिवी दिली तेव्हा तिने त्याला खुर्चीही दिली नव्हती, उन्हात उभा केला होता.

पावणेपाचच्या सुमारास युतची पिकअप आली. म्हाताऱ्या चाल्येमने बांबू खाली केला. युत उतरला, अंगावर सणाच्या पांढऱ्या पावडरचे पट्टे, शर्ट भिजलेला, आणि हातात सुगंधी पाण्याची बाटली. रस्त्यावरच गुडघे टेकून त्याने तिच्या दोन्ही हातांवर पाणी घातलं. नव्या वर्षाला थोरांच्या हातावर पाणी घालून आशीर्वाद घ्यायचा असतो. त्याला सकाळी जमलं नव्हतं म्हणून आता. "मावशी, चुकलंमाकलं माफ कर," तो म्हणाला, आणि त्याबरोबर भपकन वास आला. नुसता वास नव्हता. त्याला उठताना गाडीचा आधार घ्यावा लागला होता.

आणि तिने ओल्या हातांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, शंभर वर्षं जग.

"चावी घे," चाल्येम हळूच म्हणाला होता.

आशीर्वाद नुकताच दिलेला. हातावरचं पाणी अजून निथळत होतं. त्याच हाताने चावी कशी मागायची? वानपेनला फोन करून काय सांगायचं, तुझ्या पोराला खुर्चीत बसवलंय, ये आणि सगळ्या गावादेखत घेऊन जा? घर जेमतेम पाच किलोमीटरवर. आपलाच मुलगा. प्रानोमने हात पुसले आणि बांबू स्वतः वर केला. "हळू जा रे," ती म्हणाली.

ईंग तिच्यासाठी भाताचा डबा घेऊन त्याच रस्त्याने स्कूटरवरून येत होती. तळ्याच्या वळणावर दोघांची गाठ पडली.

तीन दिवस प्रानोम हे आत घेऊन बसली होती. चाल्येमने तोंडात मिठाची गुळणी धरली होती, कारण आईच्या दुःखात बोलायचं कसं. आणि युतनेही पोलिसांना सांगितलं नव्हतं की तो नाक्यावरून आला. शेताच्या वाटेने आलो, म्हणाला होता. हे कळलं तेव्हा प्रानोमला त्याचा जेवढा राग आला तेवढा ईंग गेल्याचं कळलं तेव्हाही आला नव्हता. तो तिला सांभाळून घेत होता! ज्याने तिच्या पोरीला मारलं तोच तिच्यावर पांघरूण घालत होता, आणि ते पांघरूण तिने तीन दिवस अंगावर ओढून घेतलं होतं. आपल्याला आपली शिसारी येते म्हणजे काय, हे तिला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

"ताई."

वानपेन गुडघ्यांवर सरकत जवळ आली होती. पेटीसमोरून जाताना तिने वाकून नमस्कार केला, तोही घाईघाईने, ईंग बघेल अशा भीतीने. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"ताई, तो जेवत नाहीये."

"माझीपण जेवत नाहीये."

वानपेनने ओठ चावले. "बोल. तुला बोलायचा हक्क आहे. मार मला. पण त्याला चीवर घेऊ दे. तो स्वतःहून म्हणाला, मी ईंगसाठी घेतो. दादाने शिकवलेलं नाही हे."

"आणि कागद? तो पण त्यालाच सुचला?"

"कागद दादाचा." तिने इकडेतिकडे बघितलं. "मला वकिलीतलं काही कळत नाही, ताई. दादा म्हणतो चीवर घेतलं, तुझी सही असली, गुन्हा कबूल केला, की शिक्षा निम्मी होते आणि उरलेली स्थगित ठेवतात. दर महिन्याला हजेरी लावायची फक्त. तुरुंगात पाठवून तुला काय मिळणार? ईंग परत येणार आहे?"

"हे वाक्य मी तीन दिवसांत अकरा वेळा ऐकलं. प्रत्येक जण असं सांगतो की मला ते माहीतच नाही."

"मग काय पाहिजे तुला? सांग ना! दहा वर्षं? जन्मठेप? लोक फोनवर लिहितायत, अशांना भररस्त्यात झोडा, हात तोडा. शेजारच्या पोराने दाखवलं मला. माझ्या पोराच्या फोटोखाली लिहिलंय. तुला तेच पाहिजे का?"

प्रानोमला काय पाहिजे होतं? तिला तो पांढऱ्या कपड्यांतला पोरगा समोर हवा होता आणि त्याच्या तोंडात मारायची होती. तासाभराने ते कायमचं हातातून जाणार होतं. एकदा चीवर अंगावर चढलं की बाईने त्याला बोटही लावायचं नसतं. उलट तिनेच खाली बसायचं, कपाळ जमिनीला टेकवायचं आणि भिक्षापात्रात भात घालायचा. आपल्या मुलीच्या मारेकऱ्यापुढे, आपल्या मुलीच्याच दहनाला. आणि सगळे म्हणणार, बघा, किती छान झालं.

"मला खरं पाहिजे," ती म्हणाली. खरं मागायला तिला तोंड कुठे होतं?

आरिसाने वानपेनच्या हाताला धरून तिला उठवलं आणि स्वतः प्रानोमशेजारी बसली. तिचा मघाचा ताव उतरला होता.

"आत्या, कागदावर सही करू नकोस. पण चीवर घेऊ दे त्याला. मी आत्ता मागे जाऊन बघून आले. तो भिंतीला डोकं टेकून बसलाय. ईंगसाठी कुणीतरी घ्यायला हवं ना?"

"तूसुद्धा?"

"मी काही त्याच्या बाजूने नाही."

"मग कुणाच्या आहेस? मघाशी तीन ते दहा वर्षं म्हणत होतीस, आता भिंत बघून आलीस तर पाघळलीस. म्हणून सुटतात हे, आरिसा. प्रत्येक जण कुणाचा तरी भाचा असतो."

शेवटचं वाक्य म्हणताच तिने मान फिरवली. आरिसाला वाटलं, आत्याला रडू येतंय. तिने पाठीवर हात ठेवला. प्रानोमने तो झटकला.

दहा वाजता सगळे बोधिवृक्षाच्या पारापाशी जमले. युतला स्टुलावर बसवलं होतं. सत्तावीस वर्षांचा धिप्पाड पोरगा, पण पांढऱ्या धोतरात आणि उघड्या खांद्यांत आजाऱ्यासारखा दिसत होता. कपाळावर काचेने कापल्याची जखम होती, वर पट्टी. समोर वानपेन दोन्ही हातांत कमळाचं पान धरून गुडघ्यांवर बसली होती; कापलेले केस त्यात पडायचे असतात. थोरले भन्ते खुर्चीत, त्यांच्या मांडीवर वस्तरा. आणि मागच्या रांगेत पोलीस साहेब, चाळिशीचा एक पोट सुटलेला उपनिरीक्षक, हातात सरबताचा ग्लास.

सानानने पहिली बट कापली. मोठ्या ऐटीत, फोटोसाठी थांबत. मग वानपेनने. पान मांडीवर ठेवून, नीट न बघताच तिने कात्री चालवली; कानामागची एक बट अर्धीच कापली गेली आणि लोंबत राहिली. मग सानानने कात्री प्रानोमच्या हातात दिली.

"घे. तू कापलीस की सगळ्यांना दिसेल."

तिने घेतली. का घेतली, तिला सांगता आलं नसतं. तीस-पस्तीस माणसं बघत होती. ती युतच्या शेजारी गेली. त्याच्या डोक्याला नारळाच्या तेलाचा वास येत होता, लहानपणी यायचा तसाच. वानपेन पहाटे भाताच्या कामाला जायची तेव्हा हे डोकं प्रानोमनेच माखलेलं होतं. तिने त्याची एक बट चिमटीत धरली.

युतने मान वर केली नाही. ओठ हलवत, तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "मावशी, मी नाक्याचं कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. शपथ."

तिने बट सोडली.

"मोठ्याने बोल," ती म्हणाली.

युत दचकला. "काय?"

"आत्ता मला काय म्हणालास ते मोठ्याने बोल. सगळ्यांना ऐकू दे."

"मावशी, नको..."

"प्रानोम!" सानान पुढे आला. "काय तमाशा लावलायस? कापायची असेल तर काप, नाहीतर कात्री दे इकडे."

ती सानानकडे वळलीच नाही. ती थोरल्या भन्तेंकडे वळली, गुडघे टेकले, आणि कात्री त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. "भन्तेजी, याच्यावर गुन्हा आहे. मिटलेला नाही. मी कागदावर सही केलेली नाही, आणि करणार नाही."

भन्तेंनी सानानकडे बघितलं. ते ऐंशीच्या घरातले होते आणि त्यांना कमी ऐकू यायचं, पण एवढं त्यांनी स्पष्ट ऐकलं. "तू म्हणालास सगळं झालं."

"होतंच आहे, भन्तेजी. बाई दुःखात आहे, तिला..."

"गुन्हा चालू असलेल्याला मी चीवर देऊ शकत नाही, सानान. तुला माहीत आहे." त्यांनी वस्तरा फडक्यात गुंडाळला.

"अगं मग पोरीचं काय?" सानान ओरडला. आता त्याला भन्तेंचंही भान उरलं नव्हतं. "चार वाजता ती जळणार! कुणाच्या चीवराचं टोक धरून जाईल ती?"

"चालत जाईल!" प्रानोमही ओरडली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज फुटला आणि मग तो थांबेना. "माझी पोर कुणाचं टोक धरून जगली नाही, दादा! मेल्यावर याचं धरणार आहे? तू याला आंघोळ घालत होतास तेव्हा ती रस्त्यावर पडली होती. तिच्या अंगावरचा भात मी वेचलाय! माझ्यासाठी आणलेला भात! तू नारळ फोडत होतास!"

ती उठली आणि मागच्या रांगेकडे गेली. माणसं बाजूला झाली.

"साहेब, लिहून घ्या."

उपनिरीक्षकाने ग्लास खाली ठेवला. "मावशी, आज राहू द्या. आज तुमचा दिवस वाईट आहे. उद्या सावकाश ठाण्यात या."

"उद्या मी नाही म्हणेन. आत्ताच लिहा."

"पण काय लिहू?"

"तो शेताच्या वाटेने आला नाही. नाक्यावरून आला. पावणेपाचला. तोंडाला दारूचा वास होता, उभं राहता येत नव्हतं. गाडीला धरून उठला. मी बघितलं."

उपनिरीक्षकाने खिशात हात घातला, तो तसाच ठेवला. "नाक्यावर कोण होतं?"

"मी. आणि चाल्येमकाका."

म्हातारा चाल्येम टोपी छातीशी धरून उभा राहिला. "खरं आहे," तो म्हणाला. "ती सांगते ते खरं आहे." आणि पटकन खाली बसला.

"मावशी," उपनिरीक्षक आवाज खाली करून म्हणाला, "हे लिहिलं तर तुमचंही नाव येईल. नेमलेल्या माणसाने चावी घ्यायला हवी होती. वरचे विचारतील. पेपरात येईल, आईनेच सोडलं म्हणून. लोक तुम्हाला सोडणार नाहीत. समजतंय ना?"

"मला काय लहान मूल समजताय? समजतंय म्हणूनच तीन दिवस गप्प होते."

मागे काहीतरी खाली पडलं. वानपेनच्या हातातलं कमळाचं पान निसटलं होतं, आणि युतचे केस पाराच्या फरशीवर पसरले होते. ती उठून आली. सावकाश आली, चालायला शिकत असल्यासारखी एकेक पाऊल टाकत.

"तू सोडलंस?"

प्रानोमने मान हलवली.

"वास आला होता तुला?"

"आला."

"चाल्येमकाका चावी घे म्हणाले?"

"म्हणाले."

"मग का नाही घेतलीस?"

याचं उत्तर प्रानोमने तीन दिवस शोधलं होतं. माझ्या हातावर पाणी घातलं होतं त्याने. आपलाच होता. तुला वाईट वाटेल म्हणून. यातलं एकही तोंडातून निघण्याच्या लायकीचं नव्हतं.

"तुझा होता म्हणून," ती म्हणाली.

वानपेनने तिच्या तोंडात मारली. आवाज सगळ्यांनी ऐकला. आरिसा धावली, तिला प्रानोमनेच हाताने थांबवलं.

"तीन दिवस!" वानपेन किंचाळली. "तीन दिवस मी तुझ्या पाया पडतेय, ताई! तुझ्या दारात बसलेय! तुझी पोर मारली म्हणून माझी मान वर होत नव्हती! आणि तू... एक चावी! एवढीशी चावी घेतली असतीस तर तुझी ईंग आज घरी असती! माझा पोरगा खुर्चीत बसला असता, लोक हसले असते, मी येऊन त्याला कानाला धरून नेलं असतं! मला फोन का नाही केलास? मला काय वाटेल ते तू कोण ठरवणारी?"

स्टुलावरून युत उठला होता. पुढची बट कापलेली, कानामागची लोंबणारी. "आई, मावशीला काही बोलू नकोस. प्यायलो मी होतो."

"तू बस खाली!" दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

तो बसला.

सानानने तो कागद प्रानोमच्या चटईवरून उचलून आणला होता. कुणी बघत नाही असं वाटून त्याने त्याची घडी घातली आणि खिशात टाकली. पण आरिसा बघत होती.

"साहेब," वानपेन उपनिरीक्षकाकडे वळली. मारलेला हात तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. "माझ्या पोराला काय शिक्षा द्यायची ती द्या. मी आता कुणाच्या पाया पडणार नाही. पण लिहायचं तर सगळं लिहा. हिचं नाव आधी लिहा!"

"तेच सांगतेय मी त्यांना," प्रानोम म्हणाली. गालावर बोटं उमटली होती, आणि ती तिला लपवावीशी वाटत नव्हती.

उपनिरीक्षकाने शेवटी वही काढली. पाराच्या कट्ट्यावर बसून त्याने तारीख घातली, पेन झटकलं आणि वर बघितलं.

दोघी बहिणी त्याच्यासमोर उभ्या होत्या. मध्ये हातभर अंतर होतं, आणि ते भरून काढायला कुणीही हलत नव्हतं. प्रानोमने आपलं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, घराचा क्रमांक सांगितला. मग ती म्हणाली, "त्या दिवशी नाक्यावर मी कामावर होते. मी त्याला जाऊ दिलं." आणि त्याने ते लिहून होईपर्यंत ती थांबली.